शालान्त परीक्षेच्या पलीकडे : मलकापूर परिसरातील माध्यमिक शिक्षणाचे नियोजन

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर मलकापूर लागते. एकेकाळी विशाळगड जहागिरीचे ठाणे असलेले हे गाव आज शाहूवाडी तालुक्याची मुख्य बाजारपेठ आहे. येथून पुढे रस्ता आंबा घाटाकडे चढत जातो आणि दोन्ही अंगांना डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या, धनगरवाडे दिसू लागतात. दहावीचा निकाल लागला की या वाड्यांवरील पालक मुलामुलींना घेऊन एस.टी.ने मलकापुरात येतात, प्रवेश अर्ज भरून घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. कोणती शाखा घ्यावी, कोणते विषय निवडावेत, हा निर्णय पुष्कळदा त्या एकाच दुपारी होतो. शेजारचा मुलगा कोठे गेला, जवळचे महाविद्यालय कोणते आणि गुण किती, एवढ्या तीन प्रश्नांवर पुढील आयुष्याची दिशा ठरते.

हा दोष पालकांचा म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे योग्य माहिती योग्य वेळी आलेलीच नसते. ज्या निर्णयासाठी आठवीपासून हळूहळू तयारी व्हावयास हवी, तो निर्णय निकालानंतरच्या धांदलीत घ्यावा लागतो. विद्यार्थी उत्तीर्ण होणे हे शाळेचे कर्तव्य आहेच. परंतु त्याला ज्या वाटेने जावयाचे आहे त्या वाटेला लागणारे विषय घेऊन तो उत्तीर्ण होणे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात याच नियोजनाचा विचार केला आहे.

चार वर्षांचा एक टप्पा

महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मंडळाची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. पुढे कोठारी आयोगाच्या शिफारशींस अनुसरून १०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारण्यात आला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. तेव्हापासून दहावी हा एक मुक्काम आणि बारावी हा दुसरा, अशी समाजाची धारणा झाली. शाळेचे काम दहावीला संपते आणि कनिष्ठ महाविद्यालयाचे काम अकरावीला सुरू होते. या दोहोंच्या मधली जबाबदारी मात्र कोणाचीच राहत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नववी ते बारावी ही चार वर्षे मिळून एकच माध्यमिक टप्पा मानण्यात आली आहे. अभ्यासक्रमातील बदल टप्प्याटप्प्याने होतील. परंतु चार वर्षांचा एकत्रित विचार करण्यास कोणत्याही शाळेला आजही आडकाठी नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणाला संरक्षण देतो. गावातील शाळेचे शेवटचे वर्ग संपतात, मुलाला दूरच्या विद्यालयात जावे लागते आणि नेमक्या त्याच सुमारास कायद्याचे छत्रही संपते. म्हणून आठवी आणि नववी यांमधील सांधा हा सर्वांत नाजूक सांधा होय. नियोजनाची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.

विषय म्हणजे पुढची दारे

अकरावीत निवडलेला प्रत्येक विषय काही दारे उघडतो आणि सोडलेला प्रत्येक विषय काही दारे बंद करतो. परिसरातील काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

समजा, एका वाडीतील मुलीला परिचारिका व्हावयाचे आहे. बी.एस्सी. नर्सिंग या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. जवळ सोय आहे म्हणून तिने कला शाखा घेतली, तर ही पदवी तिच्या आवाक्याबाहेर जाते. मात्र जी.एन.एम. या पदविकेचा मार्ग कला शाखेच्या विद्यार्थिनीलाही खुला राहतो. दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. परंतु कोणता मार्ग कोणत्या शाखेतून जातो, हे तिला दहावीपूर्वी समजले पाहिजे.

दुसरे उदाहरण जंगलाचे. हा तालुका चांदोली राष्ट्रीय उद्यानाला आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. रानाची जाण अंगी असलेल्या येथील मुलांना वनरक्षकाची नोकरी स्वाभाविकपणे आकर्षित करते. या पदासाठी सर्वसाधारण उमेदवाराने बारावी परीक्षा विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय घेऊन उत्तीर्ण केलेली असावी लागते. कला शाखेत भूगोल आणि अर्थशास्त्र दोन्ही टाळणारा विद्यार्थी नकळत हे दार स्वतःच्या हाताने लावून घेतो. विषय सोपा आहे की अवघड, एवढाच विचार केल्याचा हा परिणाम.

विज्ञान शाखेत गणित व जीवशास्त्र यांची निवड अशीच निर्णायक ठरते. गणित सोडल्यास अभियांत्रिकी पदवीचा आणि जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकीय पदवीचा नेहमीचा मार्ग बंद होतो. ज्याची वाट निश्चित झालेली नाही आणि अभ्यासाची कुवत आहे, त्याने दोन्ही विषय ठेवणे हिताचे. कृषी पदवीच्या प्रवेशासाठीही विज्ञान शाखेची वाट सोयीची आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय कोल्हापुरातच आहे, हे भात आणि उसाच्या शेतीत वाढलेल्या मुलांना आवर्जून सांगावे. वाणिज्य शाखेत पुस्तपालनाबरोबर सहकार हा विषय घेता येतो. साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था यांनी उभ्या केलेल्या या जिल्ह्यात त्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

दहावीनंतर अकरावी हाच एकमेव मार्ग आहे, ही समजूतही दूर व्हावयास हवी. तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका दहावीनंतर करता येते आणि ती पूर्ण केल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यासही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट खुली असते. ज्याचा हात यंत्रावर चालतो, त्याच्यासाठी हा मार्ग कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही.

वर्षनिहाय तयारी

आठवी हे ओळखीचे वर्ष समजावे. विद्यार्थ्याची आवड, त्याचे वाचन आणि गणितातील पाया यांची तपासणी या वर्षी व्हावी. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आठवीतच असते. तीत निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. गरीब घरातील मूल शाळेत टिकण्यासाठी ही रक्कम आधार ठरते. म्हणून पात्र विद्यार्थी या परीक्षेस बसला नाही, असे होता कामा नये.

नववी हे पायाभरणीचे वर्ष. या वर्षी मागे पडलेला विद्यार्थी दहावीत क्वचितच सावरतो. विज्ञान शाखेचे अध्यापन अकरावीपासून इंग्रजीतून होते आणि मराठी माध्यमाचा चांगला विद्यार्थीही तेथे गोंधळतो. नववीपासूनच शास्त्रीय संज्ञांची मराठी व इंग्रजी अशी दोन्ही रूपे फळ्यावर लिहिण्याचा परिपाठ शिक्षकांनी ठेवल्यास हा धक्का पुष्कळसा कमी होईल.

दहावीत विद्यार्थ्याने पुढील अभ्यासक्रमाची पहिली आणि दुसरी निवड दिवाळीपूर्वी लिहून द्यावी. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाईन पद्धतीने सुरू झाला. त्या वर्षीच्या नियमांनुसार विद्यार्थ्यास दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतिक्रम देता येत होता आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घेणे आवश्यक होते. पसंतिक्रम भरताना एस.टी.च्या वेळा, राहण्याची सोय आणि उपलब्ध विषय यांचा विचार न केल्यास कागदावर मिळालेला प्रवेश प्रत्यक्षात निरुपयोगी ठरतो.

अकरावी हे विश्रांतीचे वर्ष, असा गैरसमज विद्यार्थ्यांत रूढ आहे. प्रत्यक्षात प्रवेश परीक्षांची तयारी, कागदपत्रांची पूर्तता आणि विषयनिवडीची शेवटची खातरजमा याच वर्षी व्हावी लागते. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. त्या वर्षी नवे काही सुरू करण्यास अवधी राहत नाही.

पाऊस, अंतर आणि मुलींचे शिक्षण

शाहूवाडीच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर पावसाचा जोर असतो. ओढे भरतात, गाड्या चुकतात, भातलावणीला घरातील प्रत्येक हात लागतो. परीक्षेस बसण्यासाठी मंडळाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे आणि तिच्यातील तूट बहुधा याच महिन्यांत पडते. म्हणून शाळेने वर्षाचे वेळापत्रक करताना जुलै-ऑगस्टमध्ये घरी करता येण्याजोगा स्वाध्याय अधिक ठेवावा आणि कठीण घटक दिवाळीनंतर पुन्हा शिकवावेत.

मुलींच्या बाबतीत अंतराचा प्रश्न अधिक तीव्र होतो. अहिल्याबाई होळकर योजनेखाली विद्यार्थिनींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. पण संध्याकाळची गाडी वेळेवर आली नाही, तर तो पास खिशातच राहतो. ग्रामपंचायतीने आगाराशी पत्रव्यवहार करून गाडीची वेळ महाविद्यालयाच्या सुटण्याशी जुळवून घेतली, तर एका ठरावाने अनेक मुलींचे शिक्षण वाचेल. बारावी होईपर्यंत मुलीचे वय अठराच्या जवळ येते. ती वर्गात आहे तोवर तिच्या लग्नाची घाई होण्याचा धोका कमी राहतो. पुढे व्यावसायिक शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलींसाठी २०२४-२५ पासून एक मोठी सवलत मिळाली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. ही माहिती मुलगी नववीत असतानाच तिच्या आईवडिलांपर्यंत पोहोचावी. बारावीनंतर ती पोहोचली, तर निर्णय आधीच झालेला असतो.

कागदपत्रांचा अभ्यासक्रम

गुणवत्ता असूनही केवळ एका दाखल्यावाचून प्रवेश हुकणे, यासारखे दुर्दैव नाही. जातीचे प्रमाणपत्र, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला, ही सर्व कामे वेळ घेणारी आहेत. जात पडताळणीसाठी वाडवडिलांच्या जुन्या शालेय किंवा महसुली नोंदी शोधाव्या लागतात. अशिक्षित घराण्यात त्या सहजी सापडत नाहीत, म्हणून हा शोध नववीतच सुरू करावा. शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीतील नाव, जन्मतारीख व जात यांची जन्मनोंदीशी पडताळणीही त्याच वर्षी व्हावी. शाळा सोडल्यानंतर अशी दुरुस्ती अतिशय अवघड होते. कित्येक ठिकाणी हे काम म्हणजे कार्यालयीन कटकट समजले जाते. वास्तविक तो अभ्यासक्रमाचाच एक भाग मानावा.

अपयशानंतरची वाट

नियोजनात अपयशाचाही विचार हवा. २०१५ पासून अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी पुरवणी परीक्षा त्याच वर्षी पावसाळ्यात घेण्यात येते, त्यामुळे वर्ष वाचू शकते. एक-दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या दहावीच्या विद्यार्थ्याला नियमानुसार अकरावीत प्रवेशाची सवलतही आहे. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षा देता येते. निकालाच्या दिवशी उत्तीर्णांचे अभिनंदन सर्वच करतात. त्या दिवशी अनुत्तीर्ण विद्यार्थ्याच्या घरी एक शिक्षक जाऊन या वाटा समजावून सांगेल, तर ते मूल गुरे राखण्यास किंवा शहरात मजुरीस कायमचे जाण्यापासून वाचण्याचा संभव वाढेल.

नियोजनपत्रक आणि सामूहिक जबाबदारी

या सर्व गोष्टी शिक्षकांच्या स्मरणावर सोडता येणार नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नववीत एक पानी नियोजनपत्रक उघडावे. त्यात विद्यार्थ्याची आवड, विषयवार प्रगती, पुढील अभ्यासक्रमाची पहिली व दुसरी निवड, त्यासाठी आवश्यक विषय, कागदपत्रांची स्थिती आणि प्रवासाची किंवा निवासाची सोय, असे सहा रकाने असावेत. जून, दिवाळीनंतरचा पंधरवडा आणि निकालानंतरचा आठवडा, अशा तीन वेळी पालकांसमवेत त्याचा आढावा घ्यावा. विद्यार्थी शाळा सोडून कनिष्ठ महाविद्यालयात जाईल, तेव्हा दाखल्याबरोबर हे पत्रकही जावे. दहावी आणि अकरावी यांमधील तुटलेला दुवा त्यामुळे सांधला जाईल.

ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील आठवी पूर्ण केलेल्या मुलामुलींची यादी ठेवावी आणि नववीत कोण पोहोचले नाही, याची चौकशी ग्रामसभेत करावी. महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाच्या दहा टक्के निधीतून, नियमांच्या चौकटीत, विद्यार्थिनींसाठी अभ्यासिका चालविता येईल. तहसील कार्यालयाने दाखल्यांची शिबिरे निकालानंतर न भरविता हिवाळ्यात, शाळेच्या आवारात भरविल्यास पालकांच्या अनेक फेऱ्या वाचतील.

डोंगरातील मुलाला शिक्षणापासून दूर ठेवते ते बहुतांशी अंतर, हे या भूमीत फार पूर्वी ओळखले गेले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि त्यामागोमाग विविध समाजांची वसतिगृहे निघाली. खेड्यातील मुलाला शहरात राहावयास जागा मिळाली, तरच तो शिकेल, असा त्यामागील साधा विचार होता. आज शाळा पुष्कळ जवळ आल्या आहेत. उरलेले अंतर माहितीचे आहे; वाडीतील घर आणि पुढचा अभ्यासक्रम यांमधील ते अंतर नववीच्या वर्गात उघडलेल्या एका पानाने कमी होऊ शकते. येत्या जूनमध्ये मलकापूरच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या पालकाच्या हाती गुणपत्रिकेबरोबर ते पानही असावे, एवढी व्यवस्था शाळा, पंचायत आणि प्रशासन यांनी मिळून करावयाची आहे.