जावामध्ये दोन शब्दांची तुलना

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भाषेवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आज जमाखर्च, फीच्या याद्या, शिष्यवृत्तीची पात्रता हे सारे संगणकावर चालते. बेरीज चुकली तर ताळेबंद जुळत नाही आणि चूक ध्यानात येते. नावांची तुलना चुकली, तर यादीत असलेला विद्यार्थी 'नाही' ठरतो आणि कोणाला शंकाही येत नाही. म्हणून हा विषय मी निवडला.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीने १९९५ साली जाहीर केली. तिच्यात अक्षरांच्या माळेला 'स्ट्रिंग' म्हणतात. दोन स्ट्रिंगांची तुलना करण्याच्या दोन रीती प्रथम पाहू. एक '==' या चिन्हाची, दुसरी 'इक्वल्स' या पद्धतीची.

समजा, आपल्या खिशात शंभराची एक नोट आहे आणि मित्राच्या खिशात दुसरी. किंमत सारखीच, पण नोटा दोन. '==' हे चिन्ह विचारते, 'ही एकच नोट आहे काय?' 'इक्वल्स' विचारते, 'किंमत सारखी आहे काय?' नावे पडताळताना आपल्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे असते.

येथे एक फसवी गोष्ट आहे. कार्यक्रमात एकच शब्द अवतरणचिन्हांत दोनदा लिहिला, तर जावा त्याची एकच प्रत सामायिक साठ्यात ठेवते. त्यामुळे '==' सुद्धा 'होय' म्हणते. परंतु फाइलमधून वाचलेला किंवा कळफलकावरून आलेला शब्द स्वतंत्र प्रत असतो. तेथे तेच चिन्ह 'नाही' म्हणते. चाचणीत पास झालेला कार्यक्रम प्रत्यक्ष कामात नापास होतो, तो असा.

आणखी काही नियम ध्यानात ठेवावेत. स्ट्रिंगच्या जागी काहीच नसेल, म्हणजे 'नल' असेल, तर तिच्यावर 'इक्वल्स' चालवताच कार्यक्रम बंद पडतो. म्हणून माहीत असलेला शब्द आधी व शंकास्पद शब्द कंसात द्यावा. शब्दाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा 'ट्रिम'ने काढावी. रोमन लिपीतील लहानमोठ्या अक्षरांचा भेद सोडायचा असेल तर 'इक्वल्स इग्नोअर केस' वापरावे. देवनागरीत हा भेदच नसल्याने तेथे त्याचा उपयोग नाही.

क्रम लावण्यासाठी 'कम्पेअर टू' आहे. उत्तर शून्य आले तर शब्द सारखे. ऋण आले तर पहिला आधी. धन आले तर नंतर. मात्र ही तुलना अक्षरशः होते. पावती क्रमांक स्ट्रिंग म्हणून ठेवले तर '१०' हा '९'च्या आधी लागतो, कारण '१' हे चिन्ह '९'च्या आधी येते. क्रमांकांची तुलना संख्या म्हणूनच करावी.

आता आपल्या लिपीकडे वळू. वर्णमालेत 'ळ' आपण 'ह'नंतर म्हणतो, पण युनिकोडात तो 'व'च्या आधी आहे. म्हणून 'कम्पेअर टू'ने लावलेल्या यादीत 'काळे' हे नाव 'कासार'च्या आधी येते. भाषेनुसार क्रम लावण्यासाठी जावात 'कोलेटर' हा वर्ग दिलेला आहे.

याहून सूक्ष्म अडचण 'कऱ्हाडे' या नावात आहे. त्यातील 'ऱ' एका संकेताने लिहिता येतो, तसाच 'र' व नुक्ता असे दोन संकेत जोडूनही. डोळ्यांना नाव एकच दिसते. 'इक्वल्स' मात्र ती दोन नावे समजते. कन्नडमध्येही दीर्घ ओकाराची खूण एका संकेताने किंवा तीन संकेत जोडून लिहिता येते. यावर उपाय म्हणून २००६ साली जावाच्या सहाव्या आवृत्तीत 'नॉर्मलायझर' हा वर्ग आला. दोन्ही नावे आधी त्याच्याकडून एकाच रूपात आणावीत, मग 'इक्वल्स' चालवावे. तोच अर्धा 'र' 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या रीतीनेही लिहितात. ती रीत नॉर्मलायझर बदलत नाही. तिच्यासाठी आपणच निराळा नियम लिहावा लागतो.

इंग्रजी नावांवर तपासलेला कार्यक्रम मराठी-कन्नड नावांवर आपोआप बरोबर चालेल असे मानू नये. आपल्या सीमाभागात एकाच हजेरीपटावर दोन्ही भाषांतील नावे असतात. कार्यक्रम लिहिणाऱ्या विद्यार्थीमित्रांनी चाचणीसाठी 'कऱ्हाडे' व दीर्घ ओकाराचे एखादे कन्नड नाव जरूर घ्यावे. ही दोन नावे प्रत्येक रीतीने लिहून जुळली, तर तुलनेचा पाया बराचसा पक्का झाला असे समजावे.