धार्मिक संस्थेची शाळा: फीच्या पलीकडे किती?

जिते, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या पालकांपुढे जून जवळ आला की दोन वाटा असतात. एक गावातली जिल्हा परिषदेची शाळा, दुसरी पेण-पनवेलकडची एखाद्या मठाची, मिशनची किंवा ट्रस्टची छोटी प्राथमिक शाळा. वर्गात मोजकी मुलं, बाईंना प्रत्येकाचं नाव पाठ, सकाळची प्रार्थना, वळण. याला भुलून प्रवेश घेण्यात गैर काही नाही. फक्त हिशेब आधी मांडा.

जिल्हा परिषदेत आठवीपर्यंत फी नाही, बालभारतीची पुस्तकं फुकट, दुपारचा पोषण आहार फुकट. संस्थेची शाळा अनुदानित असेल तर पुस्तकं आणि आहार तिथेही मिळतो; विनाअनुदानित असेल तर सगळं तुमच्या खिशातून. म्हणून फी विचारण्याआधी ‘अनुदान आहे का’ हे विचारा. दुसरा प्रश्न अल्पसंख्याक दर्जाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानुसार अशा शाळांना शिक्षण हक्क कायद्यातले 25 टक्के मोफत प्रवेश लागू नाहीत. त्या आशेवर बसू नका. तिसरा, शाळेच्या सरकारी नोंदीचा यू-डायस क्रमांक. तो 11 आकडी असतो, महाराष्ट्रात 27 ने सुरू होतो. नुसती वेदपाठशाळा किंवा मदरसा असेल तर शिक्षण हक्क कायदाच लागू नाही, हे 2012 च्या दुरुस्तीपासून स्पष्ट आहे.

आता देणगी. ‘मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी’, ‘चर्चच्या छपरासाठी’ असं गोड बोलून पैसे मागितले जातात. श्रद्धेनं द्यायचे तर जरूर द्या, पण ऐच्छिक देणगीचं पावतीपुस्तक प्रवेशाच्या टेबलावर कशाला? प्रवेशासाठी पैसे घेतले तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते आणि ठरलेली फी दोन वर्षं टिकते. हा 2011 चा राज्याचा कायदा. मुलानं धर्मशिक्षणाच्या तासाला बसावं की नाही, हेही मान्यताप्राप्त शाळेत तुमच्या संमतीवर आहे. राज्यघटनेचं कलम 28 तेच सांगतं.

खरा खिसा कापला जातो तो सहलीत. समजा शाळेनं मुलामागे 600 रुपये सांगितले आणि मुलं 45. झाले 27,000. बसचे किती, जेवणाचे किती, प्रवेशाचे किती, हे कागदावर मागा. शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते. शाळेनं आगारात वेळेत अर्ज करायला हवा. तरीही खासगी बस ठरवली असेल तर का, हे विचारायला लाजू नका.

मुळात पहिली-चौथीच्या मुलांना वॉटरपार्कची सहल कशाला? रोह्याकडे जाणारी पॅसेंजर जिते स्टेशनवर धरली की पुढचं स्टेशन हमरापूर. तिथल्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात साच्यातून निघालेला कच्चा गणपती, सोंड घासून गुळगुळीत करणारे हात आणि शेवटी डोळ्यांची आखणी पाहताना मुलं जेवढी गप्प होतात तेवढी कुठल्याच वर्गात होत नाहीत. प्रमाण, समरूपता, माती, मजुरीचा हिशेब, सगळं एका सकाळीत. रेल्वेत 5 वर्षांखालच्याला तिकीट नाही, 12 वर्षांखालच्याला अर्धं. कारखानदाराला आधी विचारून जा. गणपती तोंडावर आले की त्यांना मान वर करायला फुरसत नसते. पेण तालुक्यातलंच गागोदे हे विनोबांचं जन्मगाव (11 सप्टेंबर 1895), महामार्गावर शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं घर, उरणकडे 1930 च्या जंगल सत्याग्रहाचं चिरनेर. गाडीभाडं आणि डबा एवढाच काय तो खर्च. कर्नाळा अभयारण्याला तिकीट आहे, पण पक्षी बघायचे तर पहाटे पोचा. दुपारी फक्त माकडं दिसतात.

समुद्रावरच्या सहलीला मात्र मी सही करणार नाही. 2016 मध्ये मुरूडला पुण्याहून आलेल्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. तेही कॉलेजातले, मोठे. संमतीपत्रावर सही करण्याआधी सोबत किती शिक्षक आहेत, शिक्षण विभागाची परवानगी घेतली आहे का आणि परतीची वेळ काय, हे लिहून घ्या. सहलीनंतरच्या पालकसभेत जमाखर्च मागा आणि उरलेले पैसे परत घ्या, शंभर रुपये असले तरी.