मासे आणण्याआधीचा महिना

नवी टाकी विकताना बहुतेक दुकानदार एकच सल्ला देतात: पाणी भरा, दोन दिवस ठेवा, मग मासे न्यायला या. सल्ला निम्मा खरा आहे. घोळ होतो तो उरलेल्या निम्म्यात. स्वतःच्या आणि ओळखीपाळखीच्यांच्या टाक्या लावता लावता जे कळत गेलं, ते मांडतो.

१. दोन दिवसांत उडून जातं ते नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. नव्या टाकीत माशांचा जीव घेतो तो मात्र अमोनिया, आणि तो येतो त्यांच्याच कल्ल्यांतून, विष्ठेतून, न खाल्लेल्या दाण्यांतून. तो पचवणारे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करतात. ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तेही त्यांना अमोनिया मिळत राहिला तर. नुसतं स्वच्छ पाणी महिनाभर फिरवत ठेवलं तरी टाकी होती तिथेच राहते.

२. काम दोन टप्प्यांत चालतं. पहिले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. जुनी पुस्तकं दुसऱ्या टप्प्याचं श्रेय नायट्रोबॅक्टरला देतात. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, असं १९९८ साली संशोधकांनी दाखवलं. नायट्राइटही विषारीच. ते रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घालवतं, म्हणून बुडबुडे भरपूर सुटत असतानाही मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य, आणि पाणी बदललं की कमी होतं.

३. ‘गप्पी काटक असतात, आधी त्या सोडा’ हे मला पटत नाही. काटक म्हणजे हाल सोसून जगणारा, इतकंच. त्यात पाणी बोअरचं, पीएच आठच्या आसपासचं असेल, तर तेवढाच अमोनिया पीएच सातच्या पाण्यापेक्षा जवळजवळ नऊपट घातक ठरतो.

४. माशांऐवजी बाटलीतला अमोनिया वापरा. बाटली हलवून पाहा: फेस टिकला तर त्यात साबण किंवा सुगंध आहे, ती परत करा. दोन फुटी टाकीत वाळू वगळता ५० लिटर पाणी धरलं, तर १० टक्क्यांच्या द्रावणाच्या १ मिलीने सुमारे २ पीपीएम अमोनिया होतो. प्रयोगशाळेतलं २५ टक्क्यांचं असेल तर अर्ध्या मिलीपेक्षाही थोडं कमी. औषधाच्या सिरिंजने मोजावं, खिडकी उघडी ठेवावी. वास नाकाला झोंबतो. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच डोस. अमोनिया मिळाला नाही तर माशांचं खाणं चिमूटभर टाकून कुजू द्यायचं, पण मग अंदाज राहत नाही.

५. टेस्ट किटशिवाय हा उद्योग करू नये. मासे थोडे कमी घ्या, किट घ्या.

६. खरी परीक्षा नायट्राइटची. अमोनिया झपाट्याने उतरायला लागतो, आपण खूश होतो, आणि नायट्राइटच्या नळीतला जांभळा रंग दिवसेंदिवस हलत नाही. २ पीपीएम अमोनियाचं ५ पीपीएमहून जास्त नायट्राइट होतं, आणि कित्येक किटची पट्टी ५ वरच संपते. त्यामुळे खरा आकडा उतरत असला तरी रंग तोच दिसतो. अशा वेळी डोस थांबवावा, निम्मं पाणी बदलावं, वाट पाहावी. बहुतेक जण इथेच कंटाळून मासे आणतात.

७. जुनी, निरोगी टाकी कुणाकडे असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा मागून आणा. हे विरजणच; महिन्याचं काम आठवड्या-दोन आठवड्यांवर येऊ शकतं. तुकडा त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणायचा आणि घरी नळाखाली मुळीच धुवायचा नाही.

८. पाणी दुधाळ झालं तर घाबरू नये, औषध ओतू नये. ते वेगळे जिवाणू, आपोआप बसतात. टाकीबरोबर मिळणारं निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्ल्यू, तर या महिन्यात दूरच ठेवा. त्याने आपली वस्तीच मरते.

९. या जिवाणूंना ऑक्सिजन सतत लागतो. वीज तासन् तास जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवावा. पुण्याच्या थंडीत पाणी विशीला आलं की त्यांचं काम मंदावतं, तेव्हा हीटर लावावा. दिव्याची मात्र गरज नाही. लावलात तर शेवाळ वाढेल.

१०. २ पीपीएमचा डोस टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि दुसऱ्या दिवशीही तेच झालं, की टाकी तयार. साठलेलं नायट्रेट घालवायला बरंचसं पाणी बदलायचं, अर्थात क्लोरीन काढलेलं, आणि दुसऱ्या दिवशी मासे आणायचे. हवे ते मासे बाजारात आले नसतील तर दोन-तीन दिवसांआड थोडा अमोनिया टाकत राहावं.