घाटातील रस्ता आणि अभयारण्य
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवीच्या पाठाकरिता विवेचन)

रस्ता व अरण्य हा विषय वर्गात निघाला म्हणजे ‘झाडे लावा, प्राणी वाचवा’ एवढे फळ्यावर लिहून तो बहुधा आटोपला जातो. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. वस्तुतः खानदेशातील शिक्षकास या विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगर चढून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट हा या पाठाचा तयार नमुनाच होय.

नावापासून आरंभ करणे सोयीचे. जेम्स औट्रम १८२५ साली खानदेशात आला व त्याने भिल्लांची पलटण उभारली. घाट त्याच्या नावाने ओळखला जातो. पुढे हा मार्ग धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गात आला. त्या महामार्गाचा क्रमांक पूर्वी २११ होता, आता ५२ आहे. १९८६ साली भोवतालचे सुमारे २६० चौरस किलोमीटर रान गौताळा–औट्रमघाट अभयारण्य म्हणून जाहीर झाले. येथे रस्ता आधीचा व अभयारण्य नंतरचे आहे, ही गोष्ट शिक्षकाने झाकून ठेवू नये. रान मात्र दोहोंच्याही आधीचे. याच रानाच्या कडेला पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून १२०७ साली मठास दिलेल्या दानाचा शिलालेख तेथला. गणिताच्या तासालाही तो उपयोगी पडेल.

यानंतर डोंगर कशाचा बनला आहे ते सांगावे. काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले असून मधून मधून मऊ, तांबडे थर येतात. रस्त्यासाठी उतार उभा कापला की पावसाचे पाणी या फटींत शिरते, मऊ थर भिजतो व वरचा दगड सुटतो. २०२१ च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टी झाली तेव्हा घाटात दरडी कोसळून वाहने अडकून पडली, आणि खाली डोंगरी व तितूर या नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले. घाटातील प्रश्न घाटात राहत नाही, हे मुलांस या एका प्रसंगावरून पटते. त्याच वर्षी यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत गौताळ्यात येऊन पोहोचला. वाटेत त्याने किती रस्ते ओलांडले असतील याचा विचार मुलांवरच सोपवावा.

ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटातून जड वाहने नेण्यास मनाई झाली. कोंडी ओसरली, पण मालमोटारींना नांदगावच्या बाजूने वळसा पडला. वर्गात एखाद्या मुलाचे वडील मालमोटारीवर चालक असतील. त्यांचे डिझेल व झोप हीही या पाठातील गोष्ट आहे. वाहनवाला म्हणजे अरण्याचा वैरी असे चित्र शिक्षकाने कदापि उभे करू नये.

आता मुख्य भाग. अंगणात वाळूचा डोंगर करावा, खाली चाळीसगाव व वर कन्नड मांडावे, पानाफांद्यांनी रान दाखवावे. मग तीन वाटा सुचवाव्यात : आहे तोच घाट रुंद करणे, रानास वळसा घालणे, डोंगरातून बोगदा काढणे. प्रत्येक गटाने सुतळीने आपली वाट आखावी व तिचे मोल सांगावे. रुंदीकरणात अंतर वाढत नाही, परंतु उतार पुन्हा कापावा लागतो आणि जनावराला ओलांडावयाची पट्टी रुंद होते. वळशाने रान शांत राहते, पण गाडीचा खर्च वाढतो व कोणाची तरी शेतजमीन जाते. बोगद्याच्या माथ्यावरून बिबट्या निर्धास्त जाईल. तथापि खोदलेला दगड टाकावा कोठे, आणि डोंगराच्या पोटातील झरे कोठे वळतील, हे प्रश्न उरतात. बोगद्याचा प्रस्ताव बरीच वर्षे चर्चेत राहिला, त्याचे कारण मुलांना वाळू उकरतानाच उमगू लागते. अभयारण्यातून नवा रस्ता काढावयाचा तर प्रकरण राष्ट्रीय वन्यजीव मंडळापुढे जाते, हेही येथेच सांगावे.

चौथा उपायही आहे. नागपूरच्या उत्तरेस पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ ठिकठिकाणी उंच उचलून खालून प्राण्यांस वाट ठेवलेली आहे. अशा नऊ रचना तेथे असून त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरची आहे. कॅमेरे लावून पाहिले तेव्हा वाघासह अठरा जातींचे वन्य प्राणी त्या वाटांनी जाताना आढळले. घाटाच्या चढावर हीच रचना जशीच्या तशी बसेल असे नव्हे. सपाट प्रदेशात ती सोपी जाते.

जळगाव-धुळ्याच्या वाढत्या वस्तीलगतच्या शाळांनी हाच पाठ आपल्या नव्या रस्त्यावर घ्यावा. मुलांना शिक्षकासोबत, वाहतूक कमी असेल अशा वेळी, कडेकडेने न्यावे व रस्त्याखालील मोऱ्या मोजावयास लावाव्यात. कोणती मोरी गाळाने बुजली आहे, कोणतीत कोरडी जागा आहे, तोंडाशी ससा, मुंगूस वा घोरपड यांचा माग उमटला आहे काय, हे वहीत टिपावे. हीच मोजणी पावसाळ्यापूर्वी एकदा व दिवाळीच्या सुटीनंतर एकदा करावी, आणि बुजलेल्या मोऱ्यांची यादी मुलांच्याच अक्षरात ग्रामपंचायतीकडे द्यावी.