तायक्वांदो : हातापायांआधी मनाचे शिक्षण

तायक्वांदो ही निःशस्त्र स्वसंरक्षणाची कोरियन कला आज जगभरातील शाळांतून व व्यायामशाळांतून शिकविली जाते. उंच उडी घेऊन मारलेली लाथ आणि एका आघातासरशी दुभंगणारी फळी, ही तिची नजरेत भरणारी बाजू होय. साहजिकच, मुलांना मारामारीचे शिक्षण कशासाठी द्यावयाचे, अशी शंका पालकांच्या मनात येते. ही शंका रास्त आहे. आघाताचे सामर्थ्य देणारी विद्या त्यासोबत संयम देत नसेल, तर ती उपकारक होण्याऐवजी अपायकारकच ठरेल. म्हणूनच या कलेच्या प्राथमिक पाठांत या शंकेचे उत्तर कसे गुंफलेले आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

नाव आणि वाटचाल

'ते' म्हणजे पायाचा आघात, 'क्वन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. हातापायांच्या साह्याने आचरावयाचा जीवनमार्ग, असा या नावाचा आशय आहे.

१९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानची सत्ता होती. ती संपुष्टात आल्यानंतर सेऊल येथे 'क्वान' या नावाने ओळखली जाणारी अनेक प्रशिक्षण केंद्रे उदयास आली. त्यांच्या संस्थापकांपैकी कित्येकांनी कराटेचे शिक्षण घेतले होते. त्या शिक्षणाला देशी परंपरेची जोड देऊन या कलेला स्वतंत्र रूप देण्यात आले. १९५५ मध्ये जनरल चोई होंग ही यांच्या पुढाकाराने 'तायक्वांदो' हे नाव पुढे आले. १९७२ मध्ये सेऊलला 'कुक्कीवोन' हे मुख्य केंद्र उभे राहिले आणि १९७३ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून समाविष्ट झालेल्या या खेळाला २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकाचा दर्जा मिळाला.

पाच मूल्ये

सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि अदम्य वृत्ती ही पाच मूल्ये जनरल चोई यांच्या परंपरेत या कलेचा पाया मानली जातात. ती केवळ घोकून घेतली जात नाहीत. 'दोजांग' म्हणजे प्रशिक्षणाच्या जागेत शिरताना विद्यार्थी वाकून अभिवादन करतो. प्रशिक्षकाला वंदन केल्याखेरीज पाठ सुरू होत नाही आणि सरावातील जोडीदाराला अभिवादन केल्याखेरीज लढत सुरू होत नाही. आखाड्याच्या मातीला वंदन करून कुस्तीस उभा राहणारा मल्ल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्रथेमागील भाव वेगळा सांगावयास नको. समोरचा आपला शत्रू नसून, त्याच्यामुळेच आपल्याला शिकावयास मिळते, ही जाणीव त्यातून रुजते.

पहिले पाठ

नवशिक्या विद्यार्थ्याला लगेच लाथ मारावयास शिकवीत नाहीत. प्रथम उभे राहणे शिकविले जाते. पावलांतील अंतर, गुडघ्यांचा बाक, शरीराचा तोल आणि नजरेची स्थिरता यांकडे प्रशिक्षक बारकाईने लक्ष देतो. त्यानंतर खालच्या, मधल्या व वरच्या भागावरील आघात अडविण्याच्या क्रिया येतात. ठराविक हालचालींची क्रमबद्ध मालिका म्हणजे 'पूमसे'. कुक्कीवोनच्या अभ्यासक्रमातील पहिल्या पूमसेचा आरंभच अशा बचावाच्या क्रियेने होतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

'आप चागी' ही समोर मारावयाची लाथ या शिक्षणाचा उत्तम नमुना आहे. तिचे चार टप्पे आहेत : गुडघा वर उचलणे, पाय पुढे झेपावणे, तो त्याच वाटेने गुडघ्यात मागे घेणे आणि तोल राखून जमिनीवर टेकविणे. नवशिक्याचे सारे लक्ष दुसऱ्या टप्प्याकडे असते. चांगल्या प्रशिक्षकाचे लक्ष तिसऱ्याकडे असते. झेपावलेला पाय ज्याला मागे घेता येत नाही, त्याचा तोल जातो, गुडघ्याला इजा होण्याचा संभव वाढतो आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या तावडीत सापडतो. आत्मसंयम हा केवळ उपदेशाचा विषय नसून तो तंत्राचाच भाग आहे, हे विद्यार्थ्याला येथे स्वानुभवाने पटते. स्पर्धेचे नियमही हेच सांगतात : चेहऱ्यावर ठोसा मारणे, कमरेखाली आघात करणे व पडलेल्या खेळाडूवर हल्ला करणे निषिद्ध असून त्याबद्दल दंड होतो.

पट्ट्यांचा अर्थ

कमरेच्या पट्ट्याचा रंग विद्यार्थ्याची पायरी दर्शवितो. पांढरा म्हणजे कोरे मन, पिवळा म्हणजे बीज रुजविणारी भूमी, हिरवा म्हणजे वाढणारे रोप, निळा म्हणजे रोप ज्याच्या दिशेने वाढते ते आकाश. लाल रंग धोक्याचा आहे. विद्यार्थ्याने स्वतःला आवरावे आणि प्रतिस्पर्ध्याने सावध राहावे, असा त्याचा दुहेरी इशारा आहे. सामर्थ्य वाढते तसा विवेकही वाढला पाहिजे, हेच यातून सुचविले आहे. अखेरीस येणारा काळा पट्टा परिपक्वतेचा मानला जातो. तथापि त्यातही पुढे अनेक श्रेणी असल्याने तो शिक्षणाचा शेवट नव्हे.

शिक्षक व ग्रामपंचायतीची जबाबदारी

आपल्या शाळेत वा गावात असा वर्ग सुरू करावयाचा झाल्यास केवळ प्रात्यक्षिकाच्या दिमाखावर भाळून जाऊ नये. प्रशिक्षकाची पात्रता तपासावी. सरावापूर्वी शरीर पुरेसे सैल केले जाते काय, लढतीच्या वेळी संरक्षक साधने वापरली जातात काय, कोवळ्या वयाच्या मुलांना फळ्या फोडावयास लावले जात नाही ना, हे पाहावे. मुलींच्या वर्गात त्यांच्या सुरक्षिततेची व सन्मानाची विशेष काळजी घ्यावी. थोडक्या महिन्यांत वरचा पट्टा देण्याचे आमिष जेथे दाखविले जाते, तेथे चिकाटी व सचोटी या दोन्ही मूल्यांना पहिल्याच दिवशी तिलांजली मिळालेली असते.

असा वर्ग यशस्वी झाला की नाही, हे किती फळ्या फुटल्या यावरून ठरवू नये. मैदानावर भांडण उद्भवले असता आघात करण्याची शक्ती अंगी असूनही जो विद्यार्थी हात आवरतो आणि दुबळ्याच्या पाठीशी उभा राहतो, त्याने या मार्गाचे मर्म जाणले, असे खुशाल समजावे.