जोतीरावांच्या वाड्यात मन का भरून आलं?

प्रश्न : गेल्या महिन्यात पुण्यात गंजपेठेतला महात्मा फुले वाडा पाहिला. आत त्यांच्या वापरातलं सामान जवळपास नव्हतंच. भिंतींवर चित्रं होती आणि बाहेर तुळशीवृंदावन. तरीही तिथे उभं राहिल्यावर मला एकदम भरून आलं. शाळेत त्यांचा धडा शिकताना असं कधी झालं नव्हतं. हे खरं नातं मानायचं, की मनाचा खेळ?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची भावना खरी आहे. ती येते कुठून, हे मात्र पाहायला हवं.

थोरामोठ्यांचा हात लागलेल्या वस्तूत त्यांचं काहीतरी उतरतं, असं माणसाचं मन आतून मानत असतं. न्यूमन, डिझेन्ड्रक आणि ब्लूम या संशोधकांनी २०११ मध्ये या समजुतीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आवडत्या प्रसिद्ध व्यक्तीने घातलेला स्वेटर विकत घ्यायला लोक उत्सुक होते. तोच स्वेटर निर्जंतुक केला आहे असं सांगितल्यावर ही ओढ कमी झाली. नावडत्या व्यक्तीच्या स्वेटरबाबत उलट घडलं. मुंबईच्या मणिभवनात गांधीजींच्या खोलीसमोर माणसं काचेपलीकडचा चरखा पाहत रेंगाळतात, त्यामागेही हेच असतं.

पण स्पर्शाने वस्तू पवित्र होते असं मानणारं मन, स्पर्शाने पाणी बाटतं असंही मानू शकतं. दोन्ही समजुतींचं मूळ एकच. आणि तुम्ही ज्या घरी जाऊन आलात, तिथल्या माणसाने त्यातल्या दुसऱ्या समजुतीशी उभा दावा मांडला होता. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांसाठी खुला केला. भाषणात समता सांगणं वेगळं आणि स्वतःच्या घरच्या पाण्यावर तिची परीक्षा देणं वेगळं. शेजारीपाजारी, भाऊबंद सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हे करायचं होतं.

म्हणून या वाड्यात सामान नाही, याची मला फारशी खंत वाटत नाही. पुष्कळ स्मारकघरांत थोर माणूस कुठे झोपत असे, कुठे जेवत असे एवढंच कळतं. फुल्यांचं घर हेच त्यांचं काम होतं. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, ते आपल्या घरीच. फसवल्या गेलेल्या, गरोदर राहिलेल्या विधवांपुढे त्या काळी जीव देणं, मूल मारणं किंवा परागंदा होणं याशिवाय वाट नसे. अशा बाईला इथे निर्धास्तपणे बाळंत होता येत होतं. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या जोडप्याने दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. 

तुम्ही पाहिलेल्या वृंदावनाचीही गोष्ट सांगतो. आपल्या देहाचं दहन न करता दफन करावं, अशी जोतीरावांची इच्छा होती. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले तेव्हा भर वस्तीत दफनाची परवानगी मिळाली नाही. दहन करावं लागलं, आणि अस्थी घराच्या आवारात, या वृंदावनाच्या जागी आणून ठेवल्या गेल्या. अंत्ययात्रेत टिटवं (पुढे न्यायचं मडकं) धरण्याच्या मानावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं घेऊन पुढे चालल्या. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात एका बाईने हे केलं! पुढेही त्यांनी जोतीरावांनी स्थापलेल्या सत्यशोधक समाजाचं काम सोडलं नाही; १८९३ च्या सासवडच्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं.

तुमचे डोळे पाणावले ते दगडविटांमुळे नव्हेत. यातलं काही ना काही तुम्हाला ठाऊक होतं. शाळेतल्या धड्यात ही माणसं फोटोच्या चौकटीत बसलेली असतात. वाड्यात आल्यावर त्यांच्या निर्णयांना जागा मिळते. हा उंबरठा ओलांडून काशीबाई आत आली असेल, हे डोळ्यांसमोर येतं. काहीही माहीत नसलेल्या माणसाला त्याच वाड्यात जुनं बांधकाम तेवढं दिसेल. त्यात त्याचा दोष नाही. म्हणूनच शाळेच्या सहलीत मुलांना अशा ठिकाणी घाईघाईने फिरवून आणण्याचा मला राग येतो. आधी आठवडाभर वर्गात बोला, मग न्या.

तुम्हीही पुन्हा जा. जाण्यापूर्वी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ वाचा. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी ते डाव्या हाताने लिहून पुरं केलं. ते छापून आलं त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये.