आधी कागद, मग शीर्षक

पीएच.डी.ची नोंदणी करायची म्हणून विचारायला येणाऱ्या मुलामुलींना मी विषय नंतर विचारतो. आधी विचारतो, 'कागद कुठे आहेत आणि ते तुला वाचता येतात का?' याचं उत्तर मिळाल्याशिवाय शीर्षकावर बोलत नाही. या आग्रहामागे माझी स्वतःची उमेदीची वर्षं आहेत.

माझा विषय होता धाराशिव जिल्ह्यातील शेतसारा, 1853 ते 1948. आराखडा दिला, समितीपुढे सादरीकरण झालं, शीर्षक मंजूर झालं. संदर्भग्रंथांची यादी लांबलचक होती, त्यावर सगळ्यांचं समाधान झालं. मूळ कागद कोणत्या भाषेत आहेत, हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही.

ते कळलं हैदराबादला, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात. समोर आलेला कागद उर्दूत होता आणि तोही शिकस्ता वळणाचा. नुक्ते गाळलेले, एक शब्द दुसऱ्यात अडकलेला, समासात वेगळ्या हातानं तिरपे लिहिलेले शेरे. छापील उर्दू मी अडखळत का होईना, वाचत होतो. इथे ओळीतला एक शब्द लागेना. शेतसाऱ्याचा अभ्यास आणि रकमाच वाचता येत नाहीत, अशी गत झाली.

आपल्या जिल्ह्याची ही अडचण नीट समजून घ्या. निजामाच्या कारभाराची भाषा 1884 पर्यंत फारसी होती, पुढे उर्दू झाली. गावपातळीवर कुलकर्ण्याचं दप्तर मात्र मराठीत, मोडी लिपीत. आणि मध्येच 1853 ते 1860 हा जिल्हा, तेव्हाचा नळदुर्ग जिल्हा, निजामानं इंग्रजांकडे सोपवला होता. तेव्हा कर्नल मेडोज टेलर इथे डेप्युटी कमिशनर होता. त्याच्या आत्मचरित्रात या कारभाराची हकिकत आहे, ती जरूर वाचा. म्हणजे माझ्या शीर्षकातल्या शंभरेक वर्षांना फारसी, उर्दू, मोडी आणि इंग्रजी असं सगळंच हवं होतं. एका माणसाच्या आवाक्यातलं हे काम नव्हे.

दुसरा चकवा जिल्ह्याच्या नावाचा आणि हद्दीचा. जुन्या सूचीत 'धाराशिव' शोधाल तर फारसं काही हाती लागणार नाही, 'नळदुर्ग' आणि 'उस्मानाबाद' ही जिल्ह्याची दोन्ही जुनी नावं शोधावी लागतात. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत आले आणि ऑगस्ट 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. 1972 चं उस्मानाबाद जिल्हा गॅझेटिअर घेऊन बसणाऱ्यानं हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. त्यातल्या तक्त्यांत लातूरही आहे. ते आकडे आजच्या धाराशिवच्या आकड्यांशेजारी मांडून 'घट झाली' असा निष्कर्ष काढलेलं लेखन मी वाचलं आहे, आणि वाईट वाटलं. मेहनत खरी होती, पाया चुकीचा होता.

सनावळीचंही तसंच. हैदराबादच्या कागदांवर फसली सन असतो आणि तिथलं फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होतं. त्यामुळे आजूर 1340 म्हणजे 1930, पण त्याच वर्षातला तीर महिना 1931 मध्ये येतो. सरसकट 590 मिळवलेत तर अर्ध्याहून अधिक तारखा एका वर्षानं मागे पडतील. वहीत मूळ सन आणि महिना आहे तसा उतरवा, इसवी सन शेजारी लिहा. मूळ नोंद पुसून टाकू नका.

2022 च्या यूजीसी नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात आणि सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षांची. लिपी शिकण्यात त्यातली दोन गेली तर लेखनाला काय उरतं? म्हणून लिपी एम.ए.ला असतानाच शिका. महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळही घेतं. पण वर्गात अक्षरं कळतात, हात बसतो तो रोज एक कागद वाचूनच. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांची किती निकड आहे हे अख्ख्या मराठवाड्यानं पाहिलं.

लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांचे कागद म्हणजे माणसं. तुळजापूरच्या आराधिणींच्या गाण्यांवर काम करायचं तर शीर्षक ठरवण्याआधी एक नवरात्र तिथे ऐकत काढा. कोण गातं, कोणत्या विधीला गातं, काय परक्यापुढे गात नाही, हे आधी कळू द्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यांची नोंद ठेवली. हा कित्ता गिरवा. 'एका वृद्ध महिलेकडून' एवढीच तळटीप देणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी काळ आखडता घेतला, जिल्हा इंग्रजांकडे होता तेवढाच, 1853 ते 1860. त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा समिती, पुन्हा मंजुरी. प्रबंध लहान झाला, पण त्यातली प्रत्येक नोंद मी स्वतः वाचलेली आहे.

तेव्हा नोंदणीआधी एवढं करा. शोधगंगावर आपल्या विषयाचे जुने प्रबंध उघडा आणि त्यांची साधनसूची आधी वाचा. अभिलेखागारात जाऊन आपल्या विषयाचे दहा-वीस कागद प्रत्यक्ष काढून बघा. गावातल्या कुणाच्या माळ्यावर दप्तर असेल तर घरच्यांना विचारून तिथेच बसून फोटो घ्या, प्रत्येक फोटोला गाव, घर आणि पानाचा क्रमांक द्या, फोटोंची एक प्रत त्या घरीही ठेवा. मूळ कागद, त्यांनी आपणहून दिला तरी, सोबत आणू नका.